सागावरील तपकिरी पतंग

पहिल्या पावसानंतर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ह्या बाजूस सायंकाळीं दिवा लागला कीं, भिंतीवर कधीं कधीं एक लहानसा तपकिरी पतंग येऊन बसतो. पंख मिटले असतां तो वाळक्या पानाचा तुकडाच वाटतो. उघडले म्हणजे मागील काळ्या पंखांवर नारिंगी पट्टे झळकतात. पसरलेल्या पंखांची रुंदी तीन-चार सेंटिमीटर. शास्त्रीय नांव हिब्लिआ पुएरा. पहिलें वर्णन क्रामर याचें, १७७७ सालचें.

पतंग पान खात नाहीं. खाते ती त्याची अळी. मादी सागाच्या कोवळ्या पानांवर शेंकडों अंडीं घालते. अळी पानाची कड दुमडून आंत राहते आणि जाड शिरांखेरीज फारसें कांहीं शिल्लक ठेवीत नाहीं. शिरांची बारीक जाळी तशीच राहिली असेल, तर अपराधी दुसऱ्या जातीचा समजावा; हा घोटाळा नेहमीं होतो.

साग मरत नाहीं, फिरून पालवतो. म्हणून नुकसान डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु केरळांतील निलांबूर येथें कोवळ्या सागांचीं पांच वर्षें मापें घेतलीं, तेव्हां लाकडाची वाढ शेंकडा ४४ नें घटल्याचें आढळलें. हा अहवाल १९८५ सालचा.

ह्याचा संचार दक्षिण आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत आणि वेस्ट इंडीजमध्येंही आहे. इतकें दूर जावयास नको. ठाण्याच्या खाडीकांठचीं तिवरांचीं झाडें पावसाळा सरतां सरतां एकाएकीं तपकिरी पडतात, तेंही ह्याच्याच अळ्यांचें काम. तेथें विषारी फवारा मारल्यास खेकडे व मासळी मरावयाची. झाडें बहुधा थोड्याच आठवड्यांत आपण होऊन हिरवीं होतात.