डिसेंबर १९६१ : शाळेचा तो सोमवार

डिसेंबर म्हटला की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे गॅदरिंग, स्पोर्ट्स डे आणि नाताळची सुट्टी येते. १९ तारखेला गोवा मुक्तिदिन असतो, हेही त्यांना ठाऊक असते. पण १९६१ साली त्याच्या आदल्या दिवशी, १८ डिसेंबरला, सोमवार होता. म्हणजे शाळेचा दिवस. त्या सोमवारी पणजी, डिचोली आणि पेडण्यातल्या आठवी-नववीच्या मुलांनी काय पाहिले, काय ऐकले? पाठ्यपुस्तकात सैन्य असते, गव्हर्नर असतो, तारखा असतात. दप्तर घेतलेली मुले मात्र त्यात नसतात.

मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. आमचे मूळ घर पेडण्याचे. बी.ई. झालो, आता पणजीत सॉफ्टवेअरची नोकरी करतो. मुलीला शाळेत मुक्तिदिनावर दहा ओळी लिहायच्या होत्या, म्हणून वाचायला बसलो आणि वाचतच राहिलो. त्यातले आपल्या मंडळाच्या तरुण वाचकांना आवडेल ते इथे सांगतो.

तीन भाषांचे दप्तर

पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगीजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी तिथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. त्यामुळे इथल्या देवळांत, भजनांत, नाटकांत आणि हिशेबाच्या वह्यांत मराठी खोलवर रुजलेली होती. घरी कोकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत पोर्तुगीज अशा तीन भाषांत मुले वाढत. सरकारी नोकरी हवी असेल तर पोर्तुगीज शिकणे भाग होते. ‘सेगुंद ग्राव’ झालेला माणूस हे शब्द आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने नक्की ऐकलेले असतील. त्यापुढचे शिक्षण पणजीच्या लायसियममध्ये होई. आल्तिनोवरच्या त्या संकुलाला लोक आजही लायसियमच म्हणतात.

मराठी शाळा मात्र लोकांनी स्वतःच्या हिमतीवर चालवल्या. पणजीतल्या मुष्टिफंड संस्थेच्या नावातच तिची गोष्ट आहे. घराघरांतून मूठ मूठ तांदूळ गोळा करायचे आणि त्यातून शाळेचा खर्च भागवायचा. ‘स्कूल स्पिरिट’ म्हटले की आपल्याला रेड हाउस, ब्लू हाउस आणि मैदानावरच्या घोषणा आठवतात. त्या काळी आई तांदूळ शिजायला टाकण्याआधी त्यातली एक मूठ शाळेसाठी बाजूला काढत असे. शाळा आपली आहे, हे मुलाला वेगळे शिकवावे लागत नसेल.

सालाझारच्या राजवटीत छापील मजकुरावर कडक सेन्सॉर होता. लग्नपत्रिकासुद्धा आधी तपासून घ्यावी लागे. सभा घ्यायची तर परवानगी हवी. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात ही बंदी मोडली. तो दिवस आपण क्रांतिदिन म्हणून पाळतो.

गुरुजी

वाचताना मला एका गोष्टीचे विशेष नवल वाटले. या लढ्यात मास्तर फार आहेत.

सांगलीचा मनोहर आपटे हा तरुण मराठीचा शिक्षक म्हणून गोव्यात आला. दिवसा वर्गात शिकवणारा हा मास्तर आझाद गोमंतक दलाचा क्रांतिकारक होता. आपण त्यांना मोहन रानडे या नावाने ओळखतो. १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात ते गोळी लागून जखमी झाले आणि पकडले गेले. त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात नेले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण रानडे सुटले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांसारखी माणसे झटत राहिली. शेवटी जानेवारी १९६९ मध्ये ते बाहेर आले. गोवा मुक्त होऊन तेव्हा सात वर्षे उलटली होती. त्यांनी ज्या मुलांना शिकवले, ती तोवर मोठी होऊन नोकरीधंद्याला लागली असतील.

दुसरे मास्तर पंजाबचे. लुधियाना जिल्ह्यातल्या इसडू गावचे कर्नैलसिंग. वय पंचविशीचे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही निःशस्त्र गोव्याच्या हद्दीत शिरले. पेडणे महालातल्या पत्रादेवीला पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला, त्यात कर्नैलसिंग हुतात्मा झाले. ना कोकणी, ना मराठी, ना गोव्यात कोणी नातेवाईक. तिसरे हिरवे गुरुजी. तेरेखोल किल्ल्यावर शेषनाथ वाडेकरांबरोबर त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

बंद सीमा, हळू आवाजातला रेडिओ

सत्याग्रहानंतर भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी कडक केली. रेल्वे थांबली, सीमेवरची ये-जा अवघड झाली. बाजारात भारतातून येणारा माल दिसेनासा झाला आणि बटाट्यासारख्या वस्तू जहाजाने परदेशातून येऊ लागल्या. पण विद्यार्थ्यांसाठी बंद सीमेचा अर्थ याहून मोठा होता. पेडण्याच्या मुलाला सावंतवाडी म्हणजे शेजार. मॅट्रिकसाठी सावंतवाडी, बेळगाव किंवा मुंबई गाठायची, मामा-मावशीकडे राहून शिकायचे, अशी रीत होती. त्या वाटेवर आता परवाना आणि पहारा आला.

वाट बंद झाली तरी आवाज मात्र येत होता. २५ नोव्हेंबर १९५५ पासून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सह्याद्रीच्या जंगलात, आंबोलीच्या परिसरात राहून ते चालवले. कोकणी आणि पोर्तुगीज अशा दोन भाषांत रोज बातम्या जात. १९६१ पर्यंत त्यांनी हे व्रत सोडले नाही. लिबियाताईंना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आमच्या इमारतीत डिचोलीच्या एक काकी राहतात. तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. घरात रेडिओ लागला की दार लोटून घेत आणि ऐकलेले शाळेत बोलायचे नाही अशी सक्त ताकीद असे, हे त्यांनी मला सांगितले. मैत्रिणीच्या घरीही तोच रेडिओ लागतो हे दोघींना माहीत होते, पण मधल्या सुट्टीत दोघी त्यावर चकार शब्द काढत नसत.

अखेरचे दहा दिवस

९ डिसेंबर १९६१ रोजी तिमोरहून लिस्बनला निघालेले ‘इंडिया’ नावाचे जहाज मुरगाव बंदरात आले. १२ तारखेला ते सातशेहून अधिक युरोपीय नागरिकांना घेऊन गेले, त्यात बायका-मुले होती. जहाजाची क्षमता चारशेच्याही आत. पोर्तुगीज अधिकाऱ्यांची मुले इथल्याच शाळांत शिकत असत. कुणाची तरी शेजारच्या बाकावरची मैत्रीण त्या जहाजाने गेली असेल. युद्ध म्हटले की आपण शत्रू-मित्र अशी सरळ रेघ मारतो, वर्गात ती इतकी सरळ नसते.

मग तो सोमवार उजाडला. उजाडण्याआधीच, पहाटे पाचच्या सुमारास, माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी डिचोलीचा, कोलवाळचा आणि अस्नोड्याचा पूल उडवला. काकींना जाग आली ती त्या आवाजाने. भांडी फळीवरून खाली पडली, एवढे त्यांना पक्के आठवते. वडिलांनी कुणालाही उंबऱ्याबाहेर जाऊ दिले नाही. भारतीय विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर आणि बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला केला. बांबोळी पणजीपासून किती जवळ आहे हे आपल्याला माहीत आहेच.

त्या संध्याकाळी भारतीय सैन्य बेतीला, मांडवीच्या पलीकडच्या काठावर येऊन थांबले. तेव्हा मांडवीवर पूल नव्हता. मंगळवारी, १९ तारखेला सकाळी, सैन्य नदी पार करून पणजीत आले. रात्री साडेआठच्या सुमारास गव्हर्नर जनरल वासाल्लो ई सिल्वा यांनी शरणागतीवर सही केली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम होता. तो त्यांनी अक्षरशः पाळला नाही, म्हणून पणजी शहर आणि त्यातली मुले मोठ्या संहारातून वाचली. मायदेशी त्यांना याची शिक्षा भोगावी लागली.

काकी सांगतात, शाळा पुन्हा भरली तेव्हा सगळ्यांना एकदम बोलायचे होते. इतकी वर्षे मधल्या सुट्टीत गिळलेले शब्द बाहेर पडले. रेडिओचे गुपित दोघी मैत्रिणींनी एकमेकींना पहिल्यांदा सांगितले आणि खूप हसल्या.

आता आपली मूठ

१९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगावी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांत बहुसंख्य मराठी. आज त्यांतल्या कित्येक शाळा पटसंख्येअभावी बंद होत आहेत किंवा शेजारच्या शाळेत विलीन होत आहेत. आपणही मुलांना कुठल्या शाळेत घातले, हे आपल्याला ठाऊक आहे. माझी मुलगीही इंग्रजी माध्यमात आहे, त्यामुळे कुणाला दोष देत नाही. पण त्या शाळांमधून जी माणसे शिकली, त्यांच्या आठवणी तरी हातच्या जाऊ देऊ नयेत. १९६१ मध्ये तेरा-चौदा वर्षांची असलेली मुले आता पंचाहत्तरी ओलांडून गेली आहेत.

म्हणून तरुण वाचकांना एक काम सुचवतो. घरातल्या, नात्यातल्या किंवा शेजारच्या एखाद्या आजी-आजोबांजवळ अर्धा तास बसा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. प्रश्न सोपे ठेवा. तुमची शाळा कुठे भरायची? गुरुजी कोण होते? १८ डिसेंबरला सकाळी तुम्ही कुठे होतात? ते कोकणीत बोलले तर कोकणीत बोलू द्या, मध्ये थांबवू नका. फाइलला नाव, गाव आणि तारीख द्या आणि घरच्यांना विचारूनच ती मंडळाकडे पाठवा. साठवण्याची आणि सूची करण्याची तांत्रिक बाजू मी बघतो, ते माझे रोजचेच काम आहे.

आणि पुढच्या वेळी महामार्गाने सावंतवाडीकडे जाताना पत्रादेवीला गाडी थांबवा. हुतात्मा स्मारक रस्त्यालगतच आहे. मुलांना सांगा, इथे पंजाबातून आलेला एक शाळामास्तर पडला. माझ्या मुलीने तिथे विचारले, “त्यांच्या वर्गातल्या मुलांना कोणी सांगितले असेल?” तिच्या दहा ओळींत तो प्रश्न अकरावी ओळ म्हणून गेला.