घरातला चांगला उजेड कोणाच्या वाट्याला?

जून महिना आला की आपल्या वस्त्यांमधून वह्या-पुस्तकांची, दप्तरांची, गणवेशांची धावपळ सुरू होते. पोटाला चिमटा घेऊन आईबाप मुलांच्या फीची आणि क्लासची तजवीज करतात. मात्र ते मूल घरी अभ्यासाला बसते कुठे आणि त्याच्या वहीवर उजेड किती पडतो, याचा विचार फार थोड्या घरांत होतो. गेली काही वर्षे आम्ही ज्या ज्या घरी जातो तिथे जेवणाच्या आधी ट्यूबलाइट कुठे आहे ते पाहतो. काही यजमानांना त्याचे हसू येते. येऊ द्या.

दहा बाय सोळाच्या खोलीत बहुधा काय असते? लांबच्या भिंतीवर मधोमध ट्यूब, तिच्या खाली शोकेस, शोकेसमध्ये टीव्ही. संध्याकाळी मालिका लागली की आई मुलाला ओरडते, “टीव्हीकडे पाठ करून बस.” मूल आज्ञाधारकपणे पाठ करते. पण टीव्हीकडे पाठ म्हणजे ट्यूबकडेही पाठ! त्याच्या डोक्याची सावली नेमकी त्याच्याच वहीवर पडते. मूल वाकते, आणखी वाकते, नाक वहीला टेकते, आणि मग आपण म्हणतो, पोराला चष्मा लागला, पोराचे अभ्यासात लक्ष नाही.

त्याच खोलीत तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीभोवती रंगीत दिव्यांची माळ लुकलुकत असते. 14 एप्रिलला लावलेली ती माळ पुढे वर्षभर तशीच राहते. आमची त्या माळेबद्दल तक्रार नाही. श्रद्धेचा भाग आहे. पण ज्या महामानवाच्या तसबिरीवर आपण उजेड पाडतो, त्यांनी स्वतः कोणत्या उजेडात अभ्यास केला हे एकदा आठवावे.

लोअर परळच्या डबक चाळीतली एकच खोली. तीच स्वयंपाकघर, तीच झोपण्याची जागा, तीच अभ्यासिका. सरपण, भांडीकुंडी, धूर, सगळे त्यातच. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात या खोलीचे वर्णन आहे. रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवीत, स्वतः जागत बसत, रात्री दोनच्या सुमाराला भीमरावांना उठवीत आणि मग त्यांच्या जागेवर स्वतः आडवे होत. उशाशी जाते, पायाशी शेळी, आणि समोर बिनकाचेचा रॉकेलचा मिणमिणता दिवा. त्या खोलीत जागा नव्हती म्हणून सुभेदारांनी वेळेची वाटणी केली. कोण कधी झोपणार, कोण कधी जागणार, आणि दिवा कोणासाठी, हे त्या घरात ठरलेले होते. घराच्या मांडणीची याहून मोठी शिकवण आम्हाला कोणत्याही गुळगुळीत मासिकात सापडलेली नाही.

पुढे ऐपत आल्यावर बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, ते मुळी पुस्तकांना जागा पुरेना म्हणून. पाहुण्यांना दाखवायचा दिवाणखाना हे त्या वास्तूचे प्रयोजन नव्हते.

आता आपल्या घराकडे येऊ. भगिनींनो, आज रात्री एक करून पाहा. मूल जिथे अभ्यासाला बसते तिथे तुम्ही स्वतः खाली बसा, मांडीवर वही घ्या, हातात पेन घ्या आणि लिहा. पेनाच्या टोकावर सावली पडली तर जागा चुकली. उभ्याने पाहून हे कळत नाही, कारण आपले घर आपण उभ्याने पाहतो आणि आपली मुले ते जमिनीवरून पाहतात. मूल उजव्या हाताने लिहीत असेल तर उजेड डावीकडून यावा, डावखुरे असेल तर उजवीकडून. दिवसा हेच काम खिडकीने करावे. खिडकी डाव्या अंगाला ठेवून बसवले की दुपारच्या अभ्यासाला वीज लागत नाही. पण पुष्कळ घरांत खिडकीला लोखंडी कपाट टेकवलेले असते. कपाट आतल्या भिंतीला लावा. त्याला उजेडाची गरज नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. दिवा लांब गेला की उजेड नुसता कमी होत नाही, फार वेगाने कमी होतो. अंतर दुप्पट झाले की थेट पडणारा उजेड चौथा हिस्सा राहतो. वहीपासून आठ फुटांवर छताला असलेला बल्ब दोन फुटांवर आणला, तर तोच बल्ब वहीवर सोळापट उजेड टाकतो. म्हणून मोठ्या वॉटचा दिवा छताला लावण्यापेक्षा 9 वॉटचा साधा एलईडी बल्ब, आतून पांढरी असलेली पत्र्याची टोपी आणि एक लांब वायर, एवढ्यावर अभ्यासाचा दिवा तयार होतो. टोपीमुळे उजेड वहीवर उतरतो आणि डोळ्यांत जात नाही. हा दिवा रोज चार तास जाळला तरी महिन्याला एक युनिटच्या आसपास वीज लागते. मात्र बाकीची खोली काळोखात ठेवून फक्त वहीवर झगझगीत उजेड करू नये, डोळे थकतात. छताचा एक दिवा चालू असावा.

बल्ब घेताना खोक्यावर वॉटबरोबर लुमेनचा आकडा वाचावा. वॉट म्हणजे वीज किती खाणार, लुमेन म्हणजे उजेड किती देणार. 9 वॉटच्या चांगल्या एलईडीत 800 ते 900 लुमेन मिळतात, जुन्या 60 वॉटच्या पिवळ्या बल्बपेक्षा जास्तच. फुटपाथवरचे बिननावाचे बल्ब स्वस्त असतात, पण त्यांतले बरेच डोळ्यांना न कळेल असे थरथरतात. दुकानात बल्ब लावायला सांगा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो बल्ब परत द्या. ज्यांच्या घरी अजून जुन्या चोकची ट्यूब आहे त्यांनी ती बंद पडण्याची वाट पाहू नये. चोक धरून ती पन्नासच्या वर वॉट खाते, 20 वॉटची एलईडी पट्टी तेवढाच उजेड देते.

रंगाबद्दल बोलताना आम्हाला थोडी भीती वाटते. निळा हा आपला रंग. तरीही ज्या घरात चारी भिंतींना गडद निळा ऑइल पेंट फासलेला असतो तिथे दोन ट्यूब लावल्या तरी अंधारल्यासारखे वाटते, कारण गडद भिंत उजेड गिळते. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग खोलीला परत देते, गडद निळी भिंत पाचवा हिस्साही देत नाही. निळा रंग दाराला द्या, तसबिरीमागच्या पट्ट्याला द्या, शोभून दिसतो. छत मात्र पांढरेच ठेवा आणि बाकी भिंती पांढऱ्या किंवा फिक्या. डिस्टेंपर परवडत नसेल तर चुन्याचा हात पुरे. आमच्या एका परिचितांनी हा सल्ला ऐकला आणि वर ऐकवले, “साहेब, निळा झेंडा भिंतीवर नाही, खांद्यावर असतो.” आम्ही निरुत्तर झालो.

आता ओट्याकडे वळू. स्वयंपाक करणारी बाई भिंतीकडे तोंड करून उभी असते आणि दिवा तिच्या पाठीमागे खोलीच्या मधोमध असतो. म्हणजे विळी, सुरी आणि उकळते तेल हे सगळे तिच्या सावलीत. बोट कापले, हात भाजला की तिच्या धांदरटपणाला नावे ठेवली जातात. मांडणीच्या फळीच्या खालच्या कडेला 5 वॉटची एक छोटी एलईडी पट्टी लावा, उजेड थेट ओट्यावर पडेल. आणि भाऊबंदांना विचारावेसे वाटते, टीव्हीसाठी महिन्याला केबलचे पैसे जातात, मग ज्या जागी बायको दिवसाचे चार तास उभी असते तिथे एक दिवा लावायला इतकी वर्षे का लागावीत? ओट्यालगत पोळ्या लाटणारी मुलगी असेल तर तिचे पुस्तकही तिथेच उघडे असते हे आम्ही पुष्कळ घरांत पाहिले आहे. भाऊ दिव्याखाली आणि बहीण ओट्याच्या सावलीत, ही वाटणी आपल्या घरात तरी नको.

रात्रपाळीचा प्रश्न अवघड आहे. बाप सकाळी सहाला येऊन झोपतो, किंवा पहाटे चारला त्याला उठायचे असते, आणि मुलगी दहावीला असते. दिवा लावला तर त्याची झोप मोडते, न लावला तर तिचा अभ्यास बुडतो. कितीतरी मुली अशा वेळी जिन्यावर किंवा चाळीच्या पॅसेजमधल्या दिव्याखाली बसतात. खोलीत एक आडवी तार आणि जाड गडद कापडाचा पडदा लावला की निम्मा प्रश्न सुटतो. अभ्यासाचा दिवा टोपीचा आणि बसलेल्या मुलीच्या डोळ्यांच्या खालच्या उंचीवर असला की उरलेला बराचसा सुटतो. झोपणाऱ्याच्या बाजूला पिवळट उजेडाचा बल्ब ठेवावा. खोक्यावर 2700 किंवा 3000 हा आकडा असतो तो पिवळट उजेड, 6500 म्हणजे दुधाळ पांढरा. अभ्यासाला आणि ओट्याला पांढरा चालतो, निजायच्या वेळी पिवळट बरा.

आता वास्तुशास्त्र. आपल्यातलेही काही लोक नव्या घरात जाताना हळूच कोणातरी वास्तुपंडिताला बोलावतात असे आम्ही ऐकतो, आणि वाईट वाटते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला 22 प्रतिज्ञा घेतलेल्या आजी-आजोबांची नातवंडे ईशान्य कोपऱ्यात पाण्याचा हंडा ठेवतात! दिशेला महत्त्व नाही असे नव्हे. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचे ऊन तापते म्हणून पलंग तिथे नको. पूर्वेच्या खिडकीतून सकाळचा उजेड येतो म्हणून अभ्यास तिथे हवा. हे सूर्य सांगतो, त्याला दक्षिणा लागत नाही. ओटा कोणत्या दिशेला आहे यापेक्षा धूर बाहेर कुठून जातो ते पाहा. नव्या घरात त्रिसरण-पंचशील घ्यावे, परित्राण पाठ करावा आणि दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलवावे.

धुरावरून आठवले. पुनर्वसनाच्या इमारतींत घर मिळाले की आपण सुटलो असे वाटते. आधी 225 चौरस फूट, पुढे 269, आता 300. आकडा वाढला, पण पुष्कळ ठिकाणी दोन इमारती इतक्या चिकटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूब लावावी लागते. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाऊंडसारख्या वसाहतींत 2018 साली झालेल्या पाहणीत हवा-उजेडाचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध दिसून आला. तेव्हा खिडकीत सामान रचू नका, संडासाच्या झरोक्याला पुठ्ठा लावू नका. ओट्यावर एक्झॉस्ट पंखा बसवा आणि तो चालू असताना समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवा. आत यायला वाटच नसेल तर हवा बाहेर जाणार कशी? खिडकीला नाड्याचा जाड पडदा न लावता खालच्या अर्ध्या भागालाच कापड लावा. आडोसा राहतो आणि वरून उजेड येतो.

वरळीच्या बीडीडी चाळींत 160 चौरस फुटांच्या खोल्यांमध्ये आपल्या तीन-तीन पिढ्या वाढल्या. ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदाची गोष्ट आहे. अशा नव्या घरांत जाणाऱ्यांना एकच विनंती. पीओपीचे छत, त्यात लपवलेले रंगीत दिवे आणि सोफ्याचे हप्ते यांच्या आधी मुलांच्या टेबलाची भिंत ठरवा, पुस्तकांची फळी ठोका आणि त्या जागी प्लगचा पॉइंट काढून घ्या. लादी आणि रंग झाल्यावर पॉइंट काढायचा म्हणजे भिंत फोडणे आले. मग ते राहून जाते आणि शेवटी एक्स्टेन्शन बोर्ड गादीखालून फिरतो.

त्या एक्स्टेन्शन बोर्डाविषयी मात्र कडक शब्दांत सांगतो. एका बोर्डावर फ्रिज, इस्त्री आणि मिक्सर चालवू नका. वायर गादीखाली, मोरीजवळ किंवा खिळ्याला गुंडाळून ठेवू नका. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि मेन बोर्डात 30 मिलीअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवून घ्या. शॉक लागला की तो क्षणात वीज तोडतो. माळेपेक्षा महाग आहे, पण त्याला प्राधान्य द्या.

आणि वायरमन आलाच आहे तर त्याला आणखी एक काम सांगा. अभ्यासाच्या दिव्याचे बटण वर दाराजवळ नको. जमिनीवर बसलेल्या मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर, दोन-अडीच फुटांवर असू द्या. पहाटे कोणालाही न उठवता ते स्वतः दिवा लावू शकेल.