पिळलेला दुधी, टांगलेले दही

ग्रीसमध्ये किसलेली किंवा बारीक चिरलेली भाजी, खारवलेले चीज, ओला सुगंधी पाला आणि जेमतेम बांधणीपुरते पीठ एकत्र करून ज्या चपट्या वड्या तळतात, त्यांना ‘केफ्तेदेस’ म्हणतात, आणि ज्या भाजीची वडी असेल तिचे नाव या शब्दाच्या आधी जोडले जाते. कुर्जेट, म्हणजे झुकिनी, घातली की ‘कोलोकिथोकेफ्तेदेस’, टोमॅटो घातले की ‘तोमातोकेफ्तेदेस’ आणि काबुली चणे वाटून घातले की ‘रेविथोकेफ्तेदेस’ अशी ही नावे मराठी जिभेला वळायला जड वाटतात खरी. पण त्यांतला ‘केफ्तेस’ हा मूळ शब्द परका नाही. कुटणे, ठेचणे या अर्थाच्या फारसी धातूपासून निघालेला हा शब्द तुर्की भाषेतून ग्रीकमध्ये गेला आणि त्याच धातूपासून निघालेला ‘कोफ्ता’ उत्तर भारतामार्गे मराठी घरांत आला, त्यामुळे दुधीचे कोफ्ते करणारी गृहिणी आणि कोलोकिथोकेफ्तेदेस तळणारी ग्रीक आजी या दोघींच्या पदार्थांचे आडनाव एकच आहे. फरक इतकाच की कोफ्ता रश्श्यात बुडतो आणि ग्रीक वडी कोरडी राहून शेजारच्या वाटीतल्या दाट दह्यात बुडवून खाल्ली जाते. या दह्याच्या तोंडीलावण्याला ‘त्झात्झिकी’ म्हणतात.

हा पदार्थ छत्तीसगडातल्या भिलाईत करावयाचा झाल्यास काय मिळते आणि काय मिळत नाही, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारानंतर उभ्या राहिलेल्या आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झालेल्या भिलाई पोलाद कारखान्याभोवती जे सेक्टरांचे नगर वसले, त्यात देशाच्या सगळ्या प्रांतांतून माणसे आली. मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूर, भंडारा, गोंदिया ही गावे सरळ रेषेत असल्याने विदर्भातली मराठी कुटुंबेही त्यांत होती. त्याआधीही मराठीला हा मुलूख नवा नव्हताच, कारण अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली किंवा प्रभावाखाली होता. तेव्हा येथील मराठी स्वयंपाकघरात वऱ्हाडी, छत्तीसगढी आणि शेजारच्या क्वार्टरमधली बंगाली, तेलुगू, मल्याळी चव एकमेकींच्या ओळखीच्या असतात. जाता जाता नोंदवण्यासारखी गोष्ट ही की, ज्या देशाच्या अभियंत्यांनी हा कारखाना उभारण्यास मदत केली, त्या देशाच्या जुन्या मुलखातही याच कुळातल्या भाजीच्या किसाच्या वड्या तळून ‘स्मेताना’ या आंबवलेल्या सायीबरोबर खातात. म्हणजे तळलेली भाजी आणि आंबट दुग्धजन्य जोडीदार ही कल्पना एकट्या ग्रीसची नव्हे.

पहिला अडसर झुकिनीचा. ती महाग असते, नेहमी मिळत नाही, आणि मिळाली तरी ताजी असेलच असे नाही. मात्र तिच्यावाचून अडण्याचे कारणही नाही. झुकिनी ही मूळच्या अमेरिका खंडातल्या भोपळ्याची कोवळी फळे होत. ती जात सोळाव्या शतकापासून युरोपात पसरली आणि तिचा आजचा लांबट, हिरवा प्रकार उत्तर इटलीत बराच नंतर तयार झाला. त्याआधीच्या ग्रीक ग्रंथांत जे ‘कोलोकिंथे’ हे फळ येते, ते दुधीभोपळ्याच्या जातीचे असावे, असे अभ्यासक मानतात. म्हणजे भिलाईच्या सुपेला बाजारातून आणलेला दुधी घातला तर ती काही तडजोड ठरत नाही. उलट नावाचा जुना मालकच परत आला, असे म्हणता येते. छत्तीसगढीत दुधीला ‘तुमा’ म्हणतात, आणि जून होऊन वाळलेल्या तुमड्याचे पाणी नेण्याचे भांडे व बस्तरमध्ये नक्षीचे दिवे होतात. वडीसाठी मात्र ज्याच्या सालीत नख सहज रुतते असा कोवळा, बिया न धरलेला दुधीच घ्यावा. चिरताना त्याचा एक लहान तुकडा कच्चा चाखून पाहणे ही केवळ जुन्या बायकांची खोड नव्हे: कडू दुधीत क्युकर्बिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात, कडू रस पिऊन गंभीर विषबाधा झाल्याच्या घटना भारतात नोंदल्या गेल्या आहेत, आणि ही द्रव्ये शिजवल्यानेही पुरती जात नाहीत. कडू निघालेला दुधी सरळ टाकून द्यावा.

या पदार्थाचे सारे कसब पाण्यात आहे, किंवा अधिक नेमके सांगायचे तर पाणी घालवण्यात आहे. दुधीत वजनाच्या सुमारे ९५ टक्के पाणी असते. ते तसेच ठेवून वडी थापली तर पिठाचा मारा करावा लागतो, आणि पीठ वाढले की भाजीची वडी न राहता भाजीचा वास असलेले पिठाचे भजे होते. म्हणून अर्धा किलो दुधी किसणीच्या मोठ्या भोकांतून किसून, त्याला एक चमचा मीठ चोळून, चाळणीत वीस ते तीस मिनिटे निथळत ठेवतात. मिठामुळे किसाबाहेरच्या ओलाव्यातले क्षाराचे प्रमाण वाढते आणि पेशींच्या पातळ पडद्यातून आतले पाणी बाहेर ओढले जाते. लोणच्याच्या फोडींना पाणी सुटते ते याच कारणाने, आणि शास्त्रात या क्रियेला परासरण म्हणतात. परंतु निथळण्यावर काम भागत नाही. किस जुन्या पंच्यात किंवा मलमलीच्या फडक्यात घेऊन त्याची पुरचुंडी बांधावी आणि धुतलेले धोतर पिळावे तशी दोन्ही हातांनी उलटसुलट पिळावी. प्रथम धार लागते, मग थेंब येतात, मग काहीच येत नाही. त्यानंतर पुरचुंडी सोडून, किस हलवून, पुन्हा एकदा पिळली की आश्चर्य वाटावे इतके पाणी परत निघते. या दुसऱ्या पिळण्याचा कंटाळा करणाऱ्यांच्या वड्या कढईत सुटतात. शेवटी हातात मूळ किसाच्या निम्म्याच्या आसपास, कोरडा आणि किंचित चिवट गोळा उरतो.

हे कसब भिलाईच्या मराठी घरांना शिकवावे लागत नाही. विदर्भात पांढऱ्या कोहळ्याचे सांडगे घालताना किस असाच पिळतात. छत्तीसगडात तर कोहळ्याला ‘रखिया’ म्हणतात आणि हिवाळ्यात घरोघरी ‘रखिया बडी’ करतात, म्हणजे पिळलेला रखियाचा किस वाटलेल्या उडदाच्या डाळीत फेटून त्याच्या बड्या उन्हात वाळवतात. ज्या हाताला रखिया किती पिळायचा ते ठाऊक आहे, त्या हाताला ग्रीक वडीचा अर्धा पाठ आधीच येतो.

चीजचा प्रश्न थोडा वेगळा आहे. ग्रीक वडीत ‘फेटा’ घालतात. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे हे नाव ग्रीसच्या ठरावीक प्रदेशांतच तयार झालेल्या, किमान ७० टक्के मेंढीचे आणि उरलेले शेळीचे दूध वापरलेल्या, निदान दोन महिने मुरवलेल्या चीजलाच लावता येते. फेटा रेनेट नावाच्या विकराने दूध विरजून करतात व मिठाच्या पाण्यात ठेवतात, तर पनीर लिंबाने किंवा व्हिनेगरने नासवलेल्या दुधाचे, अळणी आणि ताजे असते. नुसते पनीर कुस्करून घातले की वडी मिळमिळीत लागते, आणि ती मिळमिळीत लागली म्हणून मसाला वाढवला की पदार्थ हातचा जातो. यावर एक सोपा उपाय आहे: दही टांगल्यावर खाली भांड्यात जे आंबट पाणी साचते, त्या कपभर पाण्यात एक मोठा चमचा मीठ विरघळवून पनीरचे जाड तुकडे त्यात रात्रभर फ्रिजमध्ये बुडवून ठेवावे. सकाळी ते खारट, किंचित आंबट आणि बोटाने चुरा होणारे झालेले असतात. तो फेटा नव्हे, पण फेट्याचे काम करतो. अर्धा किलो दुधीला असे शंभर ग्रॅम पनीर पुरते, आणि ते खारट असल्याने वेगळे मीठ घालण्यापूर्वी मिश्रण चाखावे, नाहीतर किसाला आधीच चोळलेले मीठ आणि पनीरचे मीठ मिळून घोटाळा होतो.

पाल्याच्या बाबतीत मात्र मराठी माणूस ग्रीकाच्या अगदी शेजारी बसतो, कारण ग्रीक वडीचा प्राण असलेली ‘अनिथोस’ ही वनस्पती म्हणजे आपला शेपू. भिलाईच्या बाजारात तो ‘सोया भाजी’ म्हणून मागावा लागतो, आणि नवख्या मराठी गृहिणीला सोया म्हणजे सोयाबीन असे वाटून काही काळ गोंधळ होतो. शेपूवरून मराठी घरांत दोन तट असतात. एकाला त्याचा वासही चालत नाही. परंतु मुगाच्या डाळीबरोबर शिजलेला शेपू आणि वडीत कच्चा चिरून घातलेला मूठभर शेपू यांत फार अंतर आहे, कारण वडी तव्यावर किंवा कढईत थोडाच वेळ राहत असल्याने त्याचा उग्रपणा उतरतो आणि बडीशेपेकडे झुकणारा गोडसर वास तेवढा राहतो. त्याच्या जोडीला तितकाच पुदिना, तीनचार काड्या कांद्याची पात आणि भरड मिरपूड घालावी. हळद, हिंग, ओवा, जिरे यांतले काहीही घालू नये. या चार डब्यांकडे हात आपोआप जातो, आणि त्यांतला एक जरी उघडला तरी वडी ग्रीसहून थेट सुपेल्याच्या भजीच्या गाडीवर येऊन पोचते. ती तेथे वाईट नसते, पण वेगळी असते.

बांधणीसाठी ग्रीक घरांत एक अंडे आणि तीनचार मोठे चमचे मैदा किंवा पावाचा चुरा वापरतात. अंडे न खाणाऱ्यांनी बेसन घ्यावे असे मनात येते. पण बेसनाची स्वतःची चव इतकी दांडगी असते की दुधी आणि शेपू तिच्या मागे लपतात. त्याऐवजी उकडून कुस्करलेला एक लहान बटाटा आणि तीन चमचे तांदळाची पिठी घ्यावी. भाताचे कोठार म्हणवणाऱ्या या प्रदेशात ‘चीला’ आणि ‘फरा’ यांसाठी ती घरात असतेच, आणि तिच्यामुळे वडीची कड मैद्यापेक्षा अधिक कुरकुरीत होते. मिश्रण कालवल्यावर मात्र थांबू नये. पनीरमधले मीठ पुन्हा पाणी ओढू लागते, आणि पाव तासात घट्ट गोळ्याचे सैल पीठ होते. तेव्हा पिठाचा डबा परत उघडण्यापेक्षा निम्मा किस कोरडा ठेवून दोन खेपांत कालवणे शहाणपणाचे.

तळण्यासाठी ग्रीसमध्ये ऑलिव्हचे तेल घेतात; येथे शेंगदाण्याचे तेल उत्तम. कढईभर तेलाची गरज नाही, पसरट तव्यात बोटाच्या एका पेराहून कमी तेल पुरते. ते १७० ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असावे, आणि तापमापी नसेल तर मिश्रणाचा वाटाण्याएवढा ठिपका सोडून पाहावा: तो तळाशी बसून राहिला तर तेल थंड आहे, लगेच काळवंडला तर फार कढत आहे, आणि भोवती बारीक बुडबुडे घेत वर आला तर योग्य आहे. हे बुडबुडे म्हणजे वडीतल्या उरल्यासुरल्या पाण्याची वाफ, आणि ती जोराने बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव मिळत नाही. तेल थंड असले की हा बचाव ढिला पडतो आणि वडी तेल पिते. चमच्याने मिश्रण सोडून, वरून अलगद दाबून, दोन्ही बाजू गडद बदामी होईपर्यंत तीनतीन मिनिटे तळाव्यात. हा रंग आणि खमंगपणा प्रथिने व शर्करा यांच्या उष्णतेतल्या प्रक्रियेने येतो, आणि ओल्या पृष्ठभागावर ती नीट घडत नाही. किस पिळण्याचे फळ येथे दिसते.

हिवाळ्यात दुर्ग जिल्ह्यातल्या धमधा भागातला टोमॅटो स्वस्त झाला की तोमातोकेफ्तेदेसही करून पाहाव्यात. या वड्या सांतोरिनी बेटाच्या. तेथला लहान टोमॅटो ज्वालामुखीच्या मातीत जवळजवळ बिनपाण्याने वाढतो व त्यामुळे दाट गराचा असतो. आपल्या रसाळ टोमॅटोचा गाभा आणि बिया काढून फक्त भिंती चिराव्या लागतात, इतकेच.

आता दही. ‘त्झात्झिकी’ हे नाव तुर्कांच्या ‘जाजिक’शी नाते सांगते. त्यात गाळलेले दही, पिळलेली काकडी, लसूण, ऑलिव्ह तेल, थोडे व्हिनेगर आणि शेपू किंवा पुदिना असतो. अशा दह्याला ग्रीक लोक ‘स्त्रागिस्तो’, म्हणजे गाळलेले, म्हणतात, आणि कापडी पिशवीत टांगून केलेल्याला ‘पिशवीचे दही’ असेही नाव आहे. मराठीत त्याला चक्का म्हणतात. साखर, वेलची घालून त्याचे श्रीखंड होते. ग्रीसमध्ये हे दही पूर्वी मेंढीच्या दुधाचे असे. त्या दुधात सहा ते सात टक्के स्निग्धांश असतो. म्हशीच्या दुधातही तो साधारण सात टक्के भरतो, तर गाईच्या दुधात चार टक्क्यांच्या आसपास. म्हणून डब्यातल्या महागड्या ‘ग्रीक योगर्ट’पेक्षा म्हशीच्या दुधाच्या घरच्या दह्याचा चक्का मुळाला अधिक जवळ जातो. अडचण आहे ती भिलाईच्या उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात असताना खिडकीच्या गजाला टांगलेले दही दोन तासांत आंबटढाण होते. तेव्हा विरजण लागताच दही गार करून, फडके बांधलेल्या चाळणीत घालून, खाली पातेले ठेवून ते रात्रभर फ्रिजमध्येच निथळू द्यावे.

त्झात्झिकी आणि काकडीची कोशिंबीर सख्ख्या वाटतात, पण दोघींचा स्वभाव उलटा आहे. कोशिंबिरीत काकडी चोचवतात, दाण्याचे कूट, चिमूटभर साखर आणि वरून जिरे-मिरचीची फोडणी घालतात, आणि तिला सुटलेले पाणी पोळीला लागते म्हणून आवडीने चालवून घेतात. त्झात्झिकीत साखर नाही, कूट नाही, फोडणी नाही, आणि पाणी तर मुळीच नाही; चमचा उभा राहावा इतकी ती दाट हवी. काकडीची दोन्ही टोके कापून, घासून, कडूपणा पाहून, ती किसून दुधीसारखीच पिळावी. लसणाच्या दोन पाकळ्या मिठाबरोबर खलात अगदी लोण्यासारख्या कुटाव्या, कारण चिरलेल्या लसणाचा तुकडा दाताखाली आला की बाकी सारे विसरायला होते. दोन वाट्या चक्क्यात हे कालवून, ऑलिव्ह तेल असल्यास चमचाभर घालून, तासभर गार करावे. लसूण या तासात दह्यात उतरतो. लगेच वाढल्यास तो नुसता टोचतो.

पिळलेल्या दुधीचे खारट पाणी कणीक भिजवायला घ्यावे, फक्त त्या कणकेत वेगळे मीठ घालू नये. पनीर बुडवून उरलेले दह्याचे पाणी कढीत मुरते. ग्रीसमध्ये या वड्या कोमट किंवा गारही खातात, परंतु तेथला उन्हाळा कोरडा असतो. भिलाईच्या श्रावणात, खिडकीबाहेर संततधार लागलेली असताना, ताटलीत काढलेली वडी अर्ध्या तासात मऊ पडते, म्हणून येथे माणसे पाटावर बसल्यावरच तवा चढवावा, आणि तळणाऱ्या व्यक्तीच्या वाटच्या चार वड्यांचे मिश्रण आधीच बाजूला काढून ठेवावे.