गुण होते, संघच नव्हता

फुटबॉलच्या जोरावर गरीब घरातला पोरगा जग जिंकतो, ही कहाणी ब्राझीलमध्ये गल्लोगल्ली ऐकायला मिळते. पेले लहानपणी बूटपॉलिश करायचा, रोमारिओ रिओच्या झोपडपट्टीतून आला. महिला फुटबॉलपटू मार्ता विएरा दा सिल्वाचं नावही लोक याच माळेत ओवून मोकळे होतात. पण तिच्या वाटेतली खरी धोंड गरिबी नव्हती. गरीब मुलाला हेरणारे प्रशिक्षक होते, क्लबांचे कुमार संघ होते. मुलीसाठी यातलं जवळपास काहीच नव्हतं.

आणि हे आपोआप घडलं नव्हतं. १९४१ साली ब्राझीलच्या व्हार्गास सरकारने वटहुकूम काढून ‘स्त्रीच्या प्रकृतीला न मानवणारे’ खेळ बायकांना बंद केले. १९६५ मध्ये लष्करी राजवटीत त्या यादीत फुटबॉलचं नावच घातलं गेलं. १९७९ मध्ये बंदी उठली. मार्ताचा जन्म १९८६ चा. कायदा गेला होता, लोकांची नजर मात्र तीच होती.

अलागोआस राज्याच्या कोरडवाहू भागातलं दोइस रियाशोस हे तिचं गाव. ती तान्ही असतानाच वडील घर सोडून गेले. आई तेरेझाने कामं करून चार मुलं वाढवली. मार्ता पोरांबरोबर खेळायची आणि डाव्या पायाने त्यांना चकवायची. शेजारच्या गावातल्या मुलांच्या स्पर्धेत एका प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाने बजावलं: ही पोरगी उतरणार असेल तर माझा संघ खेळणार नाही. तिला कुणी आवरू शकत नव्हतं, हीच त्याची खरी अडचण!

१४ व्या वर्षी ती एकटी बसमध्ये बसली. तीन दिवसांचा प्रवास करून रिओला पोहोचली आणि वास्को द गामा क्लबच्या चाचणीला उभी राहिली. तिथल्या प्रशिक्षक एलेना पाशेको यांनी तिला निवडलं. इतकं करून पुढे वास्कोने महिला संघच गुंडाळला! दुसरा क्लब शोधावा लागला. १७ व्या वर्षी ती विश्वचषक खेळली आणि २००४ मध्ये थेट स्वीडनच्या उत्तरेला, बर्फाच्या मुलखात, उमेओ संघात गेली. तिथे नियमित लीग होती, पगार होता, महिलांचे सामने पाहायला येणारे प्रेक्षक होते. त्याच मोसमात उमेओने युरोपचा क्लब करंडक जिंकला. २००६ ते २०१० सलग पाच वर्षं ती जगातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू ठरली.

२००७ च्या विश्वचषकात ब्राझीलने अमेरिकेला उपांत्य फेरीत ४-० असं लोळवलं. चौथा गोल तिचा. गोलकडे पाठ, मागे बचावपटू. तिने चेंडू टाचेने एका बाजूने मागे सरकवला, स्वतः दुसऱ्या बाजूने वळसा घेतला, पुढच्या बचावपटूला हुलकावणी दिली आणि गोल मारला. ५१ सामने अपराजित असलेल्या संघाची ही गत झाली. अंतिम सामना ब्राझील हरलं. पदक स्वीकारताना खेळाडूंनी फलक धरला: ‘ब्राझील, आम्हाला पाठबळ हवं.’

ते मिळायला बारा-तेरा वर्षं गेली. २०१९ पासून ब्राझीलच्या अव्वल लीगमधल्या पुरुष क्लबांना महिला संघ ठेवणं सक्तीचं झालं. २०२० मध्ये राष्ट्रीय महिला संघाचा दैनंदिन भत्ता आणि बक्षिसं पुरुषांच्या बरोबरीने देण्याचं देशाच्या फुटबॉल महासंघाने जाहीर केलं. २०२७ चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्येच होणार आहे. मार्ताच्या नावावर विश्वचषकातले १७ गोल आहेत, एवढे कुणा पुरुषाचेही नव्हते तेव्हा तिने तो विक्रम केला. पण तिच्या गावाकडच्या मुलींना त्याहून मोलाचा आहे तो सक्तीचा नियम. कारण मार्तासारखी जिद्द प्रत्येकीत असेलच असं नाही, आणि फुटबॉल खेळण्यासाठी ती असावी लागू नये.