पिल्लू चावते ते का?

सिंदी मेघे हे वर्धा शहराला लागूनच असलेले गाव. अशा गावांत हिवाळ्यात गल्लोगल्ली कुत्र्याची पिल्ले दिसतात. मुले एखादे घरी आणतात आणि चार दिवसांत तक्रार सुरू होते, ‘हे चावते!’

तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लाला सुईसारखे टोकदार दुधाचे दात येऊ लागतात. ते 28 असतात. वस्तू कशी आहे हे पिल्लू तोंडानेच तपासते. खेळताना ते जोरात चावले, तर भावंड केकाटते आणि खेळ सोडते. जबड्याचा जोर आवरण्याचा हा पहिला धडा. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या पिल्लाचा तो अर्धवट राहतो. तो आपण पुरा करायचा.

दात लागताच हात झटकू नये. हलणाऱ्या वस्तूमागे पिल्लू आणखी धावते. हात सैल सोडावा, उठून पाठ फिरवावी. अर्ध्या मिनिटाने चघळायला गाठ मारलेली दोरी देऊन पुन्हा खेळावे. घरातील सर्वांनी हाच नियम पाळावा. मारल्यास पिल्लू फक्त भीती शिकते, आणि भ्यालेले कुत्रे अधिक चावते. सहा-सात महिन्यांत कायमचे 42 दात येतात. तोवर धीर हवा.

मात्र खेळातही ओरखडा उठला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीज पिल्लांनाही होतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते. तीन महिन्यांच्या पिल्लालाही लस टोचून घ्यावी. वर्गात आपण एवढे तरी सांगूच.