पुरावा आधी, गोष्ट नंतर

वऱ्हाडच्या इतिहासाचे विखुरलेले दप्तर आता मोबाइलवर उघडते. ते शोधायचे कसे आणि पारखायचे कसे?

अमरावतीत जवाहर गेट आणि अंबागेट ही नावे रोजच्या बोलण्यात असतात. पण ही दारे ज्या परकोटाची, तो कोणी बांधला आणि त्यातल्या खुनारी खिडकीला हे नाव का पडले, असे विचारले की दर घरी वेगळे उत्तर मिळते. एक छापील उत्तर १९०८ च्या ‘इम्पीरियल गॅझेटिअर ऑफ इंडिया’च्या पाचव्या खंडात आहे. पेंढाऱ्यांपासून धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजाम सरकारने १८०७ मध्ये ही भिंत बांधायला घेतली. भिंत दगडी, उंची २० ते २६ फूट, घेर सव्वादोन मैल, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. १८१८ मध्ये यांपैकी एका खिडकीजवळ मारामारी होऊन सुमारे ७०० माणसे मेली, म्हणून ती खुनारी, असे तिथे लिहिले आहे.

हा खंड शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’त कोणालाही मोफत वाचता येतो. राजापेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीला तो आता दोन मिनिटांत उघडता येतो. पूर्वी त्यासाठी मोठ्या शहरातले ग्रंथालय गाठावे लागे.

दप्तर विखुरले कसे?

वऱ्हाडला या सोयीची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, आणि त्याचे कारण आपल्या इतिहासातच आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. सरकार बदलले की कागद ठेवण्याची जागाही बदलली. त्यामुळे आपल्या जिल्ह्याचे कागद हैदराबाद, नागपूर, मुंबई, दिल्ली आणि लंडन अशा पाच ठिकाणी वाटले गेले. एकाच शाळामास्तराने किंवा एकाच विद्यार्थ्याने हे सारे पाहणे अशक्यच होते. ऑनलाइन संग्रहांमुळे त्यातला बराच भाग आता एका टेबलावर मांडता येतो.

शोध घेताना मात्र हा राज्यबदल लक्षात ठेवावा लागतो. १८५३ ते १९०३ या काळातल्या कागदांवर वऱ्हाडचे सरकारी नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे आहे. इंग्रजीत अमरावती आजच्या स्पेलिंगने शोधली तर जुने फार थोडे हाती लागते. ए, एम, आर, ए, ओ, टी, आय असे लिहिले की गॅझेटिअरे, जनगणनेचे अहवाल आणि रेल्वेचे कागद दिसू लागतात. कापसाचा व्यापार शोधायचा असेल तर ‘ऊमरा’ हा शब्द घ्यावा, कारण लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापूस याच नावाने विकला जाई. अचलपूरसाठी एलिचपूर, यवतमाळसाठी येवतमाल आणि वाशीमसाठी बासीम हेही शोधून पाहावे.

यंत्र वाचते कसे?

जुने पुस्तक स्कॅन झाले म्हणजे त्याचे फक्त फोटो निघालेले असतात. त्यातला शब्द शोधता यावा यासाठी संगणकाला तो फोटो वाचायला शिकवावे लागते. या तंत्राला ओसीआर म्हणतात. संगणक पानावरचा काळा भाग कागदापासून वेगळा करतो, ओळी आणि अक्षरे सुटी करतो आणि प्रत्येक आकार आधी शिकलेल्या आकारांशी ताडून अक्षराचा अंदाज बांधतो. अंदाज म्हटला की चूक आलीच. इम्पीरियल गॅझेटिअरमध्ये गावांच्या नावांतल्या दीर्घ स्वरांवर आडव्या रेघा छापलेल्या आहेत. त्या रेघांनी यंत्र गोंधळते आणि अकोल्याचे नाव भलतेच होऊन बसते. देवनागरीत शिरोरेघेमुळे अक्षरे एकमेकांना चिकटतात, जोडाक्षरे आणखी अवघड. हाताने लिहिलेल्या मोडी लिपीत तर शब्द कुठे तुटतो हे माणसालाही सरावानेच कळते.

म्हणून शोधात काही सापडले नाही, तर पुस्तकात ते नाहीच असे समजू नये. नावाचा तुकडा टाकून शोधावा, शेवटची सूची पाहावी आणि उतारा घेताना मूळ पानाचा फोटो डोळ्यांनी वाचावा. ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर भारतातल्या जुन्या पुस्तकांचा प्रचंड साठा आहे, पण त्यातल्या अनेक मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत आणि चुकीची चढवलेली आहेत. तिथे पुस्तकाच्या नावाने मिळाले नाही तर लेखकाच्या नावाने मिळते.

साक्षीदार किती?

आता खुनारी खिडकीकडे परत येऊ. १९०८ चा मजकूर १८१८ च्या घटनेचा प्राथमिक पुरावा ठरतो का? नाही. लिहिणारा नव्वद वर्षांनंतरचा आहे. पण १९०८ मध्ये इंग्रज सरकार अमरावतीकडे कसे पाहत होते, हे जाणायचे असेल तर हेच पान अस्सल प्राथमिक साधन ठरते. कागद तोच राहतो. प्रश्न बदलला की त्याची किंमत बदलते. इतिहास शिकवताना मुलांना हे एवढे जरी उमगले तरी वर्षाचे सार्थक झाले.

पुढची पायरी पडताळणीची. पश्चिम वऱ्हाडचे कमिशनर आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटिअर १८७० चे आहे. १९११ मध्ये अमरावती जिल्ह्याचे स्वतंत्र गॅझेटिअर निघाले आणि १९६८ मध्ये महाराष्ट्र शासनाने सुधारित आवृत्ती काढली. परकोटाची नोंद या सगळ्यांत ओळीने वाचावी. वाक्ये जवळजवळ सारखी निघाली तर साक्षीदार चार नाहीत, एकच आहे. बाकीच्यांनी त्याचे ऐकून लिहिले. विज्ञानात एकाच प्रयोगाचा निकाल चार ठिकाणी छापला म्हणून तो चार वेळा सिद्ध होत नाही, तसेच हे.

गॅझेटिअर हा सरकारचा आवाज. त्याच्या शेजारी दुसरे आवाज ठेवायला हवेत. डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचे तेरावे अधिवेशन अमरावतीत भरले. अध्यक्ष होते सी. शंकरन नायर, त्यांचे भाषण छापील आहे. १९२७ मध्ये अंबादेवी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला. त्या काळातले ‘बहिष्कृत भारत’ हे वृत्तपत्र महाराष्ट्र शासनाने पुन्हा छापले आहे. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत नागरिकत्वाच्या कलमावर बोलले, दुरुस्ती मांडली. त्या दिवसांचे शब्दशः इतिवृत्त ऑनलाइन आहे. पंजाबरावांचे म्हणणे आणि पंडित नेहरूंचे उत्तर शेजारी ठेवून दहावीच्या वर्गात वाचले, तर नागरिकशास्त्राचा धडा कोणी विसरणार नाही.

चम्मकचा ताम्रपट

शाळेसाठी मला सर्वांत आवडणारे साधन मात्र याहून फार जुने आहे. अचलपूर तालुक्यातल्या चम्मक गावी १८६८ च्या सुमारास शेत नांगरताना सात पत्र्यांचा ताम्रपट सापडला. तो पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचा. जे. एफ. फ्लीट यांनी १८८८ मध्ये आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९६३ मध्ये तो भाषांतरासह छापला. दोन्ही ग्रंथ ऑनलाइन वाचता येतात. ताम्रपटात गावाचे नाव चर्मांक, नदीचे नाव मधुनदी आणि प्रदेशाचे नाव भोजकट आहे. राजा हे गाव एक हजार ब्राह्मणांना देतो, पण अटी घालून: त्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये, युद्ध करू नये, दुसऱ्या गावांचे वाईट करू नये. अट मोडली आणि राजाने जमीन परत घेतली तर ती चोरी नाही.

हा मजकूर मुलांसमोर ठेवावा आणि विचारावे: राजाला या अटी घालाव्याशा का वाटल्या असतील? आधीपासून तिथे कसणाऱ्यांचे पुढे काय झाले असेल? त्याबद्दल ताम्रपट किती बोलतो? दीड हजार वर्षांपूर्वीची, आपल्याच जिल्ह्यातली जमीन डोळ्यांसमोर उभी राहते आणि मुले तर्क करायला लागतात.

सुरुवात घरापासून

राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ आणि केंद्र सरकारचे ‘इंडियन कल्चर’ ही पोर्टले मोठ्या शोधासाठी आहेत. साथरोग आणि लसीकरणाचे जुने प्रांतवार अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने खुले केले आहेत. पण पहिला धडा घरच्या कागदावर घ्यावा. महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ सेवेत जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत, आणि ही सेवा ज्या जिल्ह्यांत आधी सुरू झाली त्यांत अकोला आणि अमरावती होते. आजोबांच्या नावाचा फेरफार काढून मुलाला द्यावा. जमीन कोणाकडून आली, कधी आली, बोजा कोणाचा होता, वारसांत मुलींची नावे आहेत का, हे त्याने स्वतः शोधावे. मग तेच आजीला विचारावे आणि कागद व आठवण यांत फरक कुठे पडतो ते वहीत लिहावे.

सगळेच ऑनलाइन आलेले नाही. नागपूरच्या पुराभिलेखागारातल्या गठ्ठ्यांपुढे आणि हैदराबादच्या फारसी कागदांपुढे अजून बसावेच लागते. ते वाचायला मोडी आणि फारसी जाणणारी तरुण माणसे लागतील. ती तयार व्हायची असतील तर शाळेत सनावळी पाठ करून घेण्याआधी एक खरा कागद हातात द्यावा आणि प्रत्येक कागदाला पाच प्रश्न विचारायची सवय लावावी: हे कोणी लिहिले, कधी, कोणासाठी, कशाच्या आधारे, आणि काय गाळले? रोज मोबाइलवर इतिहासाच्या नावाने जे येऊन पडते, त्यालाही हेच पाच प्रश्न लागू पडतात. ते विचारायला शिकलेल्या मुलाला सहजी कोणी फसवू शकत नाही.