शाळेची हद्द कोणी आखावी?

आपल्याकडे मुलाला हायस्कुलात घालण्याची वेळ आली म्हणजे आईबाप चार शाळा पाहतात, निकालांची चौकशी करतात, फी परवडेल काय याचा हिशेब मांडतात आणि अखेर जेथे जमेल तेथे मुलाचे नाव घालतात. ‘तुमचे घर या गल्लीत आहे, सबब तुमचा मुलगा त्या शाळेत’ असे नकाशा पुढे ठेवून त्यांना कोणी सांगत नाही. अमेरिकेतल्या सार्वजनिक हायस्कुलांत मात्र बहुतेक ठिकाणी हीच रीत आहे. त्यामुळे नकाशावरची एक रेषा दोन रस्ते अलीकडे किंवा पलीकडे सरकली म्हणजे तिकडे केवढा गहजब होतो, याची आपणांस सहजी कल्पना येत नाही. ती यावी म्हणून डेट्रॉइट या एकाच शहराची हकीकत मी येथे सांगणार आहे. पुढे ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण त्याची सुरुवात हायस्कुलांच्या हद्दीपासूनच झाली.

प्रथम एक भेद लक्षात घ्यावयास हवा. या व्यवस्थेत रेषा दोन प्रकारच्या असतात. बाहेरची रेषा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ची. हा आपल्या जिल्ह्यासारखा मोठा मुलूख नव्हे. एखाद्या लहान गावाचाही स्वतंत्र स्कूल डिस्ट्रिक्ट असू शकतो. त्याचे मंडळ निराळे, कर निराळा, शिक्षक निराळे. आतली रेषा त्या डिस्ट्रिक्टमधल्या एकेका शाळेची : या रस्त्यापर्यंतची मुले या हायस्कुलात, त्यापुढची त्या. आतली रेषा शाळामंडळ एका बैठकीत बदलू शकते. बाहेरची बदलण्याचा अधिकार राज्याचा. त्या काळी शाळेचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ता-करातून भागत असे, म्हणून ज्या हद्दीत घरे महाग तेथे शाळाही सधन. आणि शाळा चांगली म्हणून घरे आणखी महाग. घर विकत घेणारा कुटुंबप्रमुख विटामातीबरोबर शाळाही विकत घेत असतो, असे म्हटले तर ते अगदीच चुकीचे होणार नाही. तेव्हा रेषा हलली की मुलाची शाळा बदलते, तसाच बापाच्या आयुष्यभराच्या पुंजीलाही धक्का बसतो.

आता डेट्रॉइटकडे वळू. मोटारींच्या कारखान्यांनी हे शहर भरभराटीस आणले, आणि दक्षिणेकडील राज्यांतून लक्षावधी कृष्णवर्णीय माणसे कामाच्या शोधात उत्तरेच्या अशा शहरांत आली. १९५० साली डेट्रॉइटची वस्ती साडेअठरा लाख होती. कारखान्यात काम मिळाले, तरी घर मिळेल तेथे घेता येत नव्हते. गोऱ्यांच्या वस्त्यांतील खरेदीखतांत ‘हे घर कृष्णवर्णीयास विकू नये’ अशी कलमे असत. न्यायालयांनी ती अंमलात आणू नयेत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला, आणि त्या निकालातील एक खटला डेट्रॉइटचाच होता. शहराच्या उत्तर टोकास, एट माइल रोडजवळ, १९४१ साली एका घरबांधणी कंत्राटदाराने सुमारे अर्धा मैल लांबीची, पुरुषभर उंचीची भिंत बांधली. कारण काय? शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती होती, आणि मध्ये आडपडदा असल्यावाचून गोऱ्यांसाठी बांधावयाच्या घरांच्या कर्जाला सरकारी खात्याची हमी मिळत नव्हती. ती भिंत आजही उभी आहे.

याउलट मिशिगन राज्याचा शाळेसंबंधीचा कायदा पाहिला तर थक्क व्हावयास होते. वर्णावरून मुलास शाळेत मज्जाव करता येणार नाही, असे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६९ साली डेट्रॉइटच्याच मंडळाला बजावले होते. आपल्याकडे शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला तो १९१९ साली, म्हणजे त्यानंतर पन्नास वर्षांनी. वेगळी शाळा डोळ्यांना दिसते, म्हणून ती हुकुमाने बंद करता येते. डेट्रॉइटमध्ये कोणत्याही शाळेच्या दारावर पाटी नव्हती. वेगळेपण होते ते हद्दीत.

ते कसे, हे पाहण्यासारखे आहे. कृष्णवर्णीयांची दाट वस्ती शहराच्या मध्यभागात होती आणि गोऱ्यांची कडेच्या भागांत. शाळांच्या हद्दी मंडळाने बहुतांशी उत्तर-दक्षिण अशा लांबट आखल्या होत्या. त्यामुळे वस्त्या जशा वेगळ्या तशा शाळाही वेगळ्या राहत. त्याच हद्दी पूर्व-पश्चिम आखल्या असत्या, तर पुष्कळ हायस्कुलांत दोन्हीकडची मुले आपोआप एकत्र आली असती. आणि ही गोष्ट मंडळाला निदान १९६२ पासून ठाऊक होती, असे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. शिवाय दोन वस्त्यांच्या सीमेवर काही ‘ऐच्छिक’ पट्टे ठेवलेले होते. तेथल्या मुलाने दोहोंपैकी कोणत्याही हायस्कुलात जावे! दिसावयास केवढी उदार सोय. परंतु वस्ती पालटू लागलेल्या भागात राहणाऱ्या गोऱ्या मुलास कृष्णवर्णीयांच्या शाळेतून निसटण्याची ती वाट होती.

१९६० ते १९७० या दहा वर्षांत चित्र झपाट्याने बदलले. गोरी कुटुंबे एट माइल रोडच्या पलीकडे उपनगरांत जाऊ लागली. जुलै १९६७ च्या दंगलीत ४३ माणसे मेली, आणि त्यानंतर हा ओघ अधिकच वाढला. १९६० साली शहरातील शाळांत कृष्णवर्णीय मुले निम्म्याहून थोडी कमी होती. १९७० साली ती शेकडा ६४ झाली.

अशा वेळी, १९६९ साली, राज्याच्या विधिमंडळाने डेट्रॉइटच्या मंडळाचे अधिकार लहान लहान विभागांत वाटून देण्याचा कायदा केला. कायदा आणणारे सिनेटर कोलमन यंग हे पुढे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. विभाग पाडावयाचेच, तर त्याबरोबर हायस्कुलांच्या हद्दीही नव्याने आखू, असे मंडळाचे अध्यक्ष झ्वेर्डलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले, आणि ७ एप्रिल १९७० रोजी तशी योजना बहुमताने मंजूर केली. योजना तशी सबुरीची होती. तीन वर्षांत, टप्प्याटप्प्याने, दहावीत नव्याने येणाऱ्या मुलांपासून आरंभ. आधीच वरच्या वर्गात असलेल्यांना धक्का नाही. परंतु या योजनेने काही गोरी मुले बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या हायस्कुलांत जाणार होती, आणि ठिणगी पडावयास तेवढे पुरे झाले.

या वादात एक बाजू न्यायाची आणि दुसरी अन्यायाची अशी सोपी वाटणी करण्याचा मोह होतो. मला ती पटत नाही. शहरात उरलेली गोरी मंडळी श्रीमंत नव्हती. श्रीमंत केव्हाच उपनगरांत गेले होते. मागे राहिला तो कारखान्यातला कामगार, पोलीस शिपाई, लहान दुकानदार. त्याने हप्त्यांनी घर घेतले ते जवळचे हायस्कूल पाहून. थोरला मुलगा त्या शाळेत शिकला, धाकट्याने का जाऊ नये? मुलगी एवढ्या लांब बसने का जाईल? आणि ज्यांनी हा भेद निर्माण केला ते मोकळे सुटून त्याची किंमत आम्हीच का मोजावी? या शेवटच्या प्रश्नाला मंडळाजवळ उत्तर नव्हते. अर्थात या सर्वांच्या तळाशी वर्णद्वेष मुळीच नव्हता, असे म्हणणे म्हणजे शुद्ध भाबडेपणा होईल. ‘आम्ही शाळा पाहून घर घेतले’ हे वाक्य तर जणू अशा प्रत्येक वादाचे पालुपदच आहे. मेरिलँडमधील हॉवर्ड परगण्यात २०१९ साली पाच हजारांवर मुलांच्या शाळा बदलल्या, तेव्हाही सभांतून तेच ऐकू आले. आणि ते म्हणणाऱ्यांत आशियाई वंशाचे पालकही होते.

कृष्णवर्णीय समाजाचेही एकमत नव्हते. मिश्र शाळांवाचून मुलांना समान संधी मिळणार नाही, असे एका पक्षाचे म्हणणे. उलट अल्बर्ट क्लीग यांच्यासारखे धर्मोपदेशक विचारीत की, आमचे मूल गोऱ्या मुलाशेजारी बसल्यावाचून शिकत नाही काय? आम्हाला आमच्या शाळांचा कारभार आमच्या हाती द्या. स्वाभिमानाची ही भूमिका हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. विकेंद्रीकरणाचा कायदा आला होता तोच मुळी या मागणीपोटी.

पुढच्या घटना भराभर घडल्या. विधिमंडळाने जुलै १९७० मध्ये नवा कायदा करून एप्रिलची योजना रोखली. राज्यपाल मिलिकन यांनी त्यावर सही केली. ऑगस्टच्या ४ तारखेस मतदारांनी योजनेच्या बाजूच्या चारही सभासदांना मंडळातून परत बोलावले. त्याच महिन्यात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या ‘एन. ए. ए. सी. पी.’ या संस्थेने राज्यपाल आणि मंडळ यांच्याविरुद्ध फिर्याद दाखल केली. योजना रोखणारे कलम अपील न्यायालयाने ऑक्टोबरात घटनाबाह्य ठरवले. पण मुख्य खटला चालूच राहिला.

तो न्यायाधीश स्टीफन रॉथ यांच्यापुढे आला. फिर्यादी पक्षाविषयी आरंभी त्यांना फारशी सहानुभूती नव्हती. परंतु ४१ दिवस साक्षीपुरावे ऐकताना घरांच्या व्यवहाराची सगळी बाजू त्यांच्यापुढे उलगडत गेली, आणि सप्टेंबर १९७१ मध्ये त्यांनी निर्णय दिला की, डेट्रॉइटच्या शाळांतील वेगळेपण आपसूक आलेले नाही; त्याला राज्य आणि मंडळ यांच्या कृती कारण आहेत. मग उपाय काय? येथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. एप्रिलच्या योजनेला विरोध करणाऱ्या गोऱ्या पालकांचीच एक संघटना न्यायालयात उभी राहिली आणि म्हणाली, उपाय करावयाचाच तर शहराबाहेरचे ८५ स्कूल डिस्ट्रिक्टही यात ओढा. शहरातल्या शहरात हद्दी फिरवून आता काय साधणार? गोरी मुले उरलीत किती? कालचे विरोधक आज रोगाच्या मुळाशी पोहोचले होते. हेतू कोणताही असो, त्यांचे गणित चूक नव्हते.

रॉथ यांनी ते गणित मान्य केले. जून १९७२ च्या आदेशात त्यांनी डेट्रॉइट व ५३ उपनगरी डिस्ट्रिक्ट मिळून एक मोठे क्षेत्र कल्पिले. त्यात सुमारे ७ लक्ष ८० हजार मुले येत होती. उपनगरांत जो संताप उसळला त्याचे वर्णन करण्याची गरज नाही. जवळच्या पाँटिॲक गावात दहा स्कूलबसेस सुरुंगाने उडवण्याचा प्रकार आदल्याच वर्षी घडून गेला होता.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै १९७४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी हा आदेश रद्द केला. त्याआधी दोनच आठवडे रॉथ वारले होते. सरन्यायाधीश बर्गर यांचे म्हणणे थोडक्यात असे : दोष सिद्ध झाला तो डेट्रॉइटपुरता, उपनगरांनी घटनेचा भंग केल्याचा पुरावा नाही, आणि शाळांचा कारभार स्थानिक लोकांनी पाहावा ही त्या देशाची जुनी परंपरा आहे. विरुद्ध मत देणाऱ्यांचा मुद्दा असा की, शिक्षणाची जबाबदारी राज्याची असून डिस्ट्रिक्ट ही राज्यानेच निर्माण केलेली सोय आहे. हा मुद्दा कागदी नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी मिशिगनमध्ये सात हजारांवर डिस्ट्रिक्ट होते. राज्याने ते मोडून, जोडून साठीच्या दशकाच्या अखेरीस हजाराच्या आत आणले होते. आणि पन्नासच्या दशकात कार्व्हर नावाच्या उपनगरी डिस्ट्रिक्टमधील कृष्णवर्णीय मुलांना शेजारचे गोरे उपनगर हायस्कुलात घेईना, तेव्हा हीच पवित्र सीमा ओलांडून त्यांना बसने डेट्रॉइटच्या हायस्कुलात आणून सोडले जात असे! बहुमतातले न्यायमूर्ती स्ट्यूअर्ट यांनी लिहिले की, डेट्रॉइटमध्ये कृष्णवर्णीयांची वस्ती एकवटण्याची कारणे अज्ञात, कदाचित अज्ञेयच असावीत. एट माइल रोडजवळची भिंत तेव्हा तेहतीस वर्षांची होती.

थर्गुड मार्शल हे तेव्हा त्या न्यायालयातील एकमेव कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. विभक्त शाळा घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा खटला त्यांनीच वकील म्हणून जिंकला होता. महानगरे एक गोरे आणि एक काळे अशी दोन होऊ देणे आज सोपे वाटेल, परंतु लोकांना पुढे त्याचा पश्चात्ताप होईल, असे त्यांनी आपल्या भिन्नमतपत्रात बजावले.

यानंतर आतल्या हद्दींचा प्रश्न उरला, पण त्यातला जीव गेला. जानेवारी १९७६ पासून शहरापुरती बसची एक मर्यादित योजना सुरू झाली. तोपर्यंत शहरातील शाळांत चारांपैकी तीन मुले कृष्णवर्णीय होती. १९७७ साली हेच प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा वाचनाचे विशेष वर्ग, शिक्षकांचे प्रशिक्षण, मुलांना मार्गदर्शन यांच्या खर्चाचा वाटा राज्याने उचलावा, असे ठरले. मुले एकत्र आणता येत नाहीत, तर निदान पैसे द्या, असा त्याचा अर्थ. मिशिगनने १९९४ साली शाळांच्या खर्चाचा मुख्य भार मालमत्ता-करावरून काढून विक्रीकर आणि राज्याच्या तिजोरीकडे नेला, आणि १९९६ पासून एका डिस्ट्रिक्टच्या मुलाला दुसऱ्यात जाण्याची मुभा ठेवली. मात्र दार उघडावे की न उघडावे, हे ठरवण्याचा अधिकार घेणाऱ्या डिस्ट्रिक्टकडेच राहिला. डेट्रॉइटची वस्ती २०२० च्या शिरगणतीत सहा लाख एकोणचाळीस हजार भरली. १९७० साली ज्या मंडळाकडे पावणेतीन लाखांवर मुले होती, त्याच्या शाळांत आज पन्नास हजारांच्या आसपास मुले शिकतात. आणि शहराच्या उत्तरेची हद्द अजून एट माइल रोडवरच आहे.